पोस्टरखान्यातलं भांडण

खाटकाच्या दुकानाच्या काचेत मी मलाच पाहिलं. आधी वाटलं, प्रतिबिंब असेल; पण माझ्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात रंग पुसायच्या चिंध्यांची पिशवी, आणि काचेतल्या बाईच्या हातांत काहीच नव्हतं. ती पाठमोरी उभी होती. डावा हात पाठीमागून नेऊन तिनं उजव्या हाताचं कोपर धरलं होतं. पलीकडे एक पुरुष, दोघांच्या मध्ये एक मूल, समोर नव्या विटांच्या घरांची रांग, खिडक्यांत पिवळा उजेड. वर ठळक अक्षरांत 'स्वच्छ घर, सुखी कुटुंब'. खाली बारीक अक्षरांत सरकारचं नाव. सॉसेजच्या माळा जराशा बाजूला सारून खाटकानं पोस्टरला जागा करून दिली होती. मी तिथंच थांबले. मागून एक म्हातारा म्हणाला, "बाई, आत जायचंय का नुसतं बघूनच पोट भरायचंय? नुसतं बघायचं असेल तर सरका जरा, मीही उभा राहतो. मलाही तेच परवडतं." मी हसले आणि बाजूला झाले.

तशी मी उभी राहते. शाळा सुटल्यासुटल्या मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागले. यंत्रांच्या मधली वाट अरुंद, आणि आदल्याच वर्षी एका मुलीची बाही पट्ट्यात अडकली होती. त्यामुळे मुकादम दिवसभर ओरडायचा, हात आवरा, पोरींनो, हात आवरा. मी हात आवरायला शिकले ते असं, पाठीमागून कोपर धरून. मंदी आली, कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, हाताची सवय तेवढी राहिली. ट्रामची वाट बघताना, कुणी रागावत असताना, चर्चमध्ये पाद्री फार वेळ बोलायला लागला की माझा हात आपोआप मागं जातो. रोझी मावशी म्हणते, "एतेल्का, तुला कुणी अटक केलीय का गं? सोड तो हात." सबंध क्लीव्हलंडात आणखी एखादी बाई अशी उभी राहत असेल तर राहो बापडी, पण ती सरकारी पोस्टरवर येणार नाही. मी काम करते त्या सरकारी पोस्टरखान्यात पोस्टरवर कुणी सही करत नाही. पण मुलाचं डोकं जरा मोठं काढायची आणि खिडकीच्या पिवळ्यात थेंबभर तांबडा मिसळायची खोड आमच्याकडे एकालाच आहे. मातुश क्राल. माझा नवरा. हे शेवटचे दोन शब्द मी मनातल्या मनातसुद्धा हळू म्हणते.

मंदीतल्या बेकारांना सरकार काम देतं, पण एका घरात एकच सरकारी काम, असा नियम आहे. नवरा-बायको दोघं कामावर असतील तर काम नवऱ्याचं, बायकोनं घरी जायचं. कुटुंबाचा कर्ता तो, म्हणून. कर्ता कोण हे कचेरी ठरवते, आणि कचेरीला विचार करायला फार वेळ लागत नाही. म्हणून कागदावर मी मिस वर्गा आहे, मावशीकडे बकाय रस्त्यावर राहणारी, आणि मातुश नदीपलीकडे एका स्लोवाक विधवेकडे खोली घेऊन राहणारा सडाफटिंग. नियम पाळला जातोय का ते बघायला मदत-कचेरीतली बाई अधूनमधून मावशीच्या घरी येते. कपाट उघडते, पलंगाखाली बघते, न्हाणीत पुरुषाचा वस्तरा दिसतोय का ते पाहते. मावशी तिच्यापुढं कॉफी ठेवते आणि म्हणते, "बघा बाई, नीट बघा. पुरुष सापडला तर आधी मला सांगा, मलाही हवाय एक." ती बाई हसत नाही. तिलाही तिचं काम टिकवायचं असणार. तिच्या स्कर्टच्या कडेला आतून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण असते, हे माझ्या लक्षात आलंय.

लग्न आम्ही राज्याची हद्द ओलांडून ग्रीनफिल्ड नावाच्या गावात लावलं. तिथं न्यायाधीश घरातल्या बैठकीतच लग्नं लावायचा. आत कांदा परतत होता आणि त्याचा वास पडद्यांना धरला होता. साक्षीदार म्हणून न्यायाधीशाची बायको ओले हात एप्रनला पुसत आली, "होय ना, दोघंही होय म्हणालात ना?" असं तिनंच विचारून घेतलं आणि कांदा जळेल म्हणून परत आत गेली. परत येताना मातुश सबंध वाटभर हसत होता. म्हणत होता, "एतेल, आपण जन्मभर कांद्याचा वास आला की एकमेकांकडे बघायचं." तेव्हा आमच्या दोघांचंही सरकारी काम नव्हतं. आधी मला मिळालं, पोस्टरखान्यात, मिस वर्गा या नावानं, कारण अर्ज लग्नाआधीचा होता. काही महिन्यांनी त्यालाही मिळालं. तो दारातून आत आला तेव्हा मी छपाईच्या चौकटीवर सरस लावत होते, आणि माझ्या तोंडावर काय पसरलं ते मला कळलं. तेच पुसायला म्हणून मी ओरडले, "दार लावा की! धूळ बसते ओल्या रंगावर. घरी पण असंच उघडं टाकता का?" तो क्षणभर थबकला आणि म्हणाला, "घरी माझ्याकडं दारच नाही, मिस. पडदा आहे." सगळे हसले. भांडणाला तिथून सुरुवात झाली.

सुरुवातीला ते नाटक होतं आणि त्यात मजा होती. रविवारी त्याच्या खोलीवर आम्ही पुढच्या आठवड्याची भांडणं ठरवायचो. सोमवारी निळ्यावरून, बुधवारी खिडकीवरून. "हा निळा आहे की धुण्याचं पाणी?" असं मी म्हणायचं, मग त्यानं म्हणायचं, "धुण्याचं पाणी तुम्ही कधी बघितलंत?" पलंगावर लोळून हसायचो. विधवा खाली झाडूनं छताला ठोकायची. मग केव्हातरी ठरवायची गरज उरली नाही. भांडण आपलं आपण व्हायला लागलं, जिभेवर तयारच असायचं. पोस्टरखान्यात दोन तट पडले. ब्रिजिट नूनन माझ्या बाजूची, शाई मळणारे दोघं त्याच्या बाजूचे. एकमेकांशी प्रेमानं वागण्यापेक्षा भांडणं किती सोपं असतं, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आणि रविवारी बोलायला काही उरेना. आठवडाभर आम्ही एकमेकांशी इतकं बोललेलो असायचो, आणि इतकं वाईट, की खोलीत आलो की दोघंही दमलेले. मी मावशीनं दिलेल्या कोबी घातलेल्या शेवया गरम करायची. तो माझ्या बुटाच्या तळाला फरशीच्या मेणकापडाचा तुकडा कापून चिकटवायचा. कधी मी चुकून "मिस्टर क्राल, मीठ द्या" म्हणायची. पहिल्यांदा आम्ही त्यावर हसलो होतो.

कालच रविवार होता. गेले दोन आठवडे मी पोस्टरखान्यात नव्हतेच. मला संग्रहालयात लहान मुलांसाठी पक्ष्यांचे फलक रंगवायला पाठवलं होतं. तेवढ्यात हे पोस्टर काढून, छापून, दुकानादुकानांत लागलंही. काल मातुश समोर बसून शेवया खात होता, त्याआधीच्या रविवारीही बसला होता, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. ट्राममध्ये मी ह्याच गोष्टीला धरून बसले. विसरला असेल? आपण काय काढतोय हे त्याला कळलंच नसेल? की कळलं होतं? हिवाळ्यात एकदा, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत असताना तो म्हणाला होता, "समज, आपल्यातल्या एकानं काम सोडलं तर काय होईल?" मी म्हटलं, "एकानं म्हणजे मी." तो म्हणाला, "मी तसं म्हणालो नाही." मी म्हटलं, "तू कशाला म्हणशील, नियमच म्हणतो." मग त्यानं बोळे कोंबले आणि मी ते धरले. आता हे पोस्टर. मला शहरभर टांगून ठेवलंय, मधे मूल घालून. कुणीतरी ओळखावं म्हणून? मदत-कचेरीतल्या बाईनं एखाद्या काचेसमोर थांबावं, आणि स्वतः न बोलता त्याचं काम व्हावं म्हणून? असं वाटल्याबरोबर मला त्याचा संताप आला, आणि संतापाबरोबर जरा हुशारीही वाटली. खोटा राग आणून आणून मला खऱ्या रागाची चव विसरायला झाली होती.

पोस्टरखाना म्हणजे कपड्यांच्या एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. सरोवराकडून येणारा वारा खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या मारतो. छताला दोऱ्या बांधून त्यांवर ओली पोस्टरं वाळत टाकलेली असतात, त्यामुळं चालताना माणसं वाकून चालतात. मला ती जागा आवडते. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाकडी चौकटीवर रेशीम ताणायचं, नको तिथं सरसानं बुजवायचं, खाली कागद सरकवायचा, वरून रंग ओतायचा आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरून एका दमात आपल्याकडं ओढायची. चौकट उचलली की कागदावर रंग असा सपाट, शांत बसलेला असतो की त्यावर हात फिरवावासा वाटतो. मग दुसरा रंग, दुसरी चौकट. क्षयाची तपासणी करा, दूध उकळून प्या, वाचनालयात या, चिमण्यांना दाणे घाला. आमच्या पोस्टरवरच्या माणसांना चेहरे नसतात. चेहऱ्याला आणखी एक रंग लागेल, रंगाला आणखी एक चौकट. खोक्यांच्या कारखान्यात मी रोज हजारो खोक्यांची घडी करायची आणि संध्याकाळी मला एकही आठवायचं नाही. इथलं प्रत्येक पोस्टर मला आठवतं. हातातलं कसब म्हणजे काय, ते मला इथं पहिल्यांदा कळलं, आणि पोस्टरखान्याचे प्रमुख हॅथवेसाहेब म्हणतात की चित्रातला एकेक रंग वेगळ्या चौकटीवर उतरवण्यात माझ्या तोडीचं इथं कुणी नाही. मातुशही नाही. मातुशला हे ठाऊक आहे.

जिन्यातच ब्रिजिटनं मला गाठलं. ती आयरिश, धिप्पाड, विधवा, अक्षरं कापण्यात तरबेज. "अगं बाई, आलीस! बघितलंस ना? त्या मेल्यानं काय करून ठेवलंय बघितलंस ना?"

मी म्हटलं, "काय?" माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

"काय म्हणजे? तुला चितारलीय ना! तू उभी राहतेस तश्शी! तू गेलीस आणि यानं डाव साधला. मला भिंतीवर लागल्यावर कळलं, नाहीतर चौकटच फोडली असती मी. माणसाची एवढी टवाळी? शहरभर? माझा नवरा असता ना, त्यानं या क्रालला जिन्यावरून खाली सोडला असता."

म्हणजे ओळखलं होतं. सगळ्यांनी ओळखलं होतं, आणि लग्नाचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही एवढं चोख भांडलो होतो की नवऱ्यानं बायको काढली तर लोकांना वाटलं, वैऱ्यानं चेष्टा केली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी एकदम रिकामं वाटलं, जेवायच्या वेळेला जेवण नसतं तसं. आत गेले. सगळे कामात असल्यासारखे दिसत होते आणि कुणीच काम करत नव्हतं. भांडण बघायला मिळणार म्हणून शाई मळणाऱ्या एकानं तर खुर्ची ओढून घेतली होती. मातुश खिडकीपाशी रेशीम ताणत होता. त्याच्या मानेवर केस वाढले होते. काल मी कापते म्हटलं होतं आणि राहून गेलं होतं.

मी चिंध्यांची पिशवी त्याच्या टेबलावर आपटली. "मिस्टर क्राल, ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"तुमच्या पोस्टरवर थंडीनं काकडल्यासारखी उभी आहे, ती."

त्यानं खिळा ठोकला, मग वर बघितलं. "ती होय. ती गृहिणी आहे. नव्या घराकडं बघतेय."

"घर बघून तिला आनंद झालेला दिसत नाही."

"नाहीच झालेला. तिला घर नकोच आहे."

कुणीतरी शीळ घातली. ब्रिजिट म्हणाली, "बघा, बघा, जीभ बघा याची." एखाद्या ठरलेल्या भांडणात मी इथं हसवणारं काहीतरी बोलले असते. मी म्हटलं, "मग तिला काढलीत कशाला? विचारलंत तिला?"

"विचारलं असतं तर तिनं हात सोडला असता," तो म्हणाला. "मग ती तिच्यासारखी दिसली नसती."

"शहरात दुसऱ्या बायका नाहीत?"

"असतील. मला काढता येत नाहीत. बाई काढायला घेतली की हीच येते. मी काय करू? दिवसभर हीच डोळ्यांपुढं." सगळे हसले. तो हसत नव्हता. खिळे तोंडात धरल्यासारखं बोलत होता, पण तोंडात खिळे नव्हते. तेव्हा मला कळलं की त्यानं कुठलाही डाव टाकलेला नाही. त्याला खरंच दुसरं कुणी काढता आलं नव्हतं, आणि आपण काय काढलं ते कळल्यावर दोन रविवार सांगायचा धीर झाला नव्हता. हे कळून माझा राग उतरायला हवा होता. तो आणखी चढला. कारण डाव असता तर मी त्याला माफ केलं असतं, किंवा नसतं केलं. पण हे मला पेलण्यासारखं नव्हतं.

"आणि ते मूल?" मी म्हटलं. हे मी विचारणार नव्हते. "आईनं मुलाला हातसुद्धा लावलेला नाही. अशी असते का आई?"

"ते तिलाच विचारा," मातुश म्हणाला. "कधी लावणार आहे, विचारा. मी विचारून दमलो."

मी त्याच्या टेबलावरचा निळ्या रंगाचा डबा उचलला आणि त्याच्या ताणलेल्या रेशमावर ओतला. असं मी आधी कधी केलं नव्हतं. सरकारी रेशीम महाग असतं. रंग हळूहळू रेशमात शिरला आणि खालच्या टेबलावर ठिबकायला लागला. कुणी हसलं नाही. ब्रिजिटनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बस, पोरी, बस. या माणसापायी रडू नकोस." मी रडत होते हे मला माहीत नव्हतं. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि हॅथवेसाहेब म्हणाले, "मिस वर्गा, जरा आत या."

हॅथवेसाहेबांना पोटाचा विकार आहे. टेबलावर कायम दुधाचा पेला असतो. मंदीआधी ते जाहिरातीच्या कंपनीत होते, म्हणतात, "तेव्हा मी साबण विकायचो, आता साबण वापरा म्हणून सांगतो, पगार सोडला तर फरक काही नाही." माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, स्वतः दुधाचा एक घोट घेतला आणि काचेतून बाहेर बघत बोलले. "हे पुष्कळ झालं. मी पहिल्यापासून बघतोय. वाटलं होतं, होईल कमी. काही माणसांचं पटतच नाही, त्यात कुणाचा दोष नसतो. पण रेशीम फुकट जायला लागलं तर वरून मला विचारतील." मी म्हटलं, रेशमाचे पैसे कापून घ्या. "पैशांचं नाही हो. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिनसिनाटीला, पोस्टरखाना निघतोय. त्यांना एक हात हवाय. तुम्हा दोघांतल्या एकाला पाठवतो. आणि तुम्हाला मी सोडणार नाही, हे उघड आहे. क्राल जाईल. नाही म्हणाला तर त्याचं नाव कटेल, मग माझा इलाज नाही. तुम्ही फक्त मान हलवा, म्हणजे तुमच्या तक्रारीवरून केलं असं मला लिहिता येईल."

काचेपलीकडं मातुश चिंध्या घेऊन टेबल पुसत होता. माझ्याच पिशवीतल्या चिंध्या. त्यात मावशीचा जुना झगा होता, फुलाफुलांचा, तो निळा होत होता. सिनसिनाटी आगगाडीनं सबंध दिवसाच्या वाटेवर आहे. रविवार संपले असते. वर्षातून एखादी चक्कर, तीही भाड्याचे जमले तर. मग पत्रं. आम्हाला पत्रं लिहिता आली नसती. आम्हाला समोरासमोर बोलता येत नव्हतं. मान न हलवता मी सगळं डोळ्यांपुढून जाऊ दिलं. खरं सांगितलं तर तो राहील. त्याचं काम राहील, कारण तो कर्ता. मी इथला जिना उतरेन, चिंध्यांची रिकामी पिशवी घेऊन. विधवेच्या वरच्या खोलीत माझे बूट दारापाशी राहतील. मी शेवया गरम करेन. तो संध्याकाळी येईल, बोटांना रंग असेल, आणि तो रंग कुठल्या पोस्टरचा हे मी त्याला विचारेन. मूल होईल. मी त्याला हात लावेन, लावेनच, मी काही दगड नाही. पट्टी ओढताना रेशमाचा जो बारीक आवाज होतो, तो आणखी कुणीतरी ऐकेल. मी हात मागं नेला नव्हता. दोन्ही मांडीवर होते आणि नखांत निळं शिरलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "तो माझा नवरा आहे."

हॅथवेसाहेबांनी पेला खाली ठेवला.

"आमचं लग्न झालंय. त्याला पाठवू नका."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा मऊ झाला, इतका मऊ की मला वाटलं आता ते रडतील. "मिस वर्गा," ते म्हणाले, "तुमचं मन फार मोठं आहे."

"खरंच सांगतेय."

"तो बिचारा देशोधडीला लागू नये म्हणून तुम्ही स्वतःवर ओढून घेताय. त्यानं तुमची एवढी विटंबना केली, तरीही. मी ब्रिजिटला म्हणालोच होतो, ही पोरगी वरून फणस आहे." ते हसले. "अहो, बावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. नवरा-बायकोची भांडणं मला ओळखू येतात. नवरा-बायको एकमेकांचं ऐकत नाहीत. तुम्ही दोघं एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकता. तो वैऱ्यांचा धर्म." ते पुढं वाकले, लहान मुलाची लबाडी पकडावी तसे डोळे मिचकावून म्हणाले, "बरं, झालं म्हणता ना? मग सांगा, कुठं झालं? कुणी लावलं?"

गावाचं नाव जिभेवर होतं. न्यायाधीशाचं नाव होतं. जळणारा कांदा होता, ओले हात पुसत आलेली बाई होती. एक फोन केला असता तर त्यांना दहा मिनिटांत कळलं असतं. ते वाट बघत होते. मी त्यांच्या दुधाच्या पेल्याकडं बघत होते. कडेला साय चिकटली होती. मी बोलले नाही. किती वेळ, ते माहीत नाही, पण पुरेसा वेळ.

"तेच तर," हॅथवेसाहेब म्हणाले. "तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही. जा, तोंड धुऊन घ्या. बाकी मी बघतो."

मी उठले. मला बरं वाटलं. लाज येईल, ती पुढं येईल, हे कळत होतं, पण आधी बरं वाटलं, आणि ते लपवण्यासारखं नव्हतं कारण बघायला तिथं कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं होतं आणि माझं कामही राहिलं होतं. असं कुणाच्या वाट्याला येतं? मोरीवर जाऊन मी तोंड धुतलं, नखं घासली. मातुश ते खराब झालेलं रेशीम घेऊन मोरीवर आला आणि माझ्या शेजारी उभा राहून टर्पेंटाइननं धुवायला लागला. पाणी सोडलेलं होतं, त्यामुळं हळू बोललं तर बाहेर ऐकू गेलं नसतं.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"तुला पाठवतायत. सिनसिनाटीला."

त्याचे हात थांबले नाहीत. "आणि तू?"

"मी सांगितलं त्यांना. लग्न झालंय म्हणून."

आता थांबले. त्यानं माझ्याकडं इतक्या मोकळ्या चेहऱ्यानं बघितलं की मला नजर वळवावी लागली. त्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. "सांगितलंस?"

"त्यांचा विश्वास बसला नाही."

"असं कसं? कुठं झालं म्हणून विचारलं असेल ना? कुणी लावलं म्हणून?"

"विचारलं," मी म्हटलं.

नळ वाहत होता. तो आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले. त्यानं विचारलं नाही. मान खाली घालून तो रेशीम धूत राहिला, नीट, कडेकडेनं, पुन्हा वापरता येईल असं. निळा गेला तरी रेशीम करडं दिसत होतं. मला म्हणावंसं वाटलं, मातुश, मी परत आत जाते, नाव सांगून येते. पाय उचलला असता तर काचेची खोली आठ-दहा पावलांवर होती. मी हात पुसत राहिले.

तेवढ्यात ब्रिजिट आली, तिच्यामागून बाकीचे. बातमी फुटली होती. "अरे वा!" ती म्हणाली, "शेजारी शेजारी उभे? जायची वेळ आली तेव्हा बरं शहाणपण सुचलं! चला, झालं गेलं गंगेला मिळालं. हात मिळवा बघू दोघं. मिळवा म्हणते ना! माणूस चाललाय, भांडून काय पाठवायचं."

मातुशनं हात पुसला आणि पुढं केला. त्या मजल्यावर आम्ही एकमेकांना कधी हात लावला नव्हता. त्याचा हात गार होता, टर्पेंटाइननं कोरडा पडलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं माझा हात सोडला आणि रोजच्या त्या चढ्या, सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "घ्या मिस वर्गा, आता सगळी जागा तुमची."

सगळे माझ्याकडं बघत होते, आता ही काय म्हणते म्हणून. मला काहीच सुचत नव्हतं, पण जिभेला सुचलं.

"सुंठीवाचून खोकला गेला, मिस्टर क्राल," मी म्हटलं.

खो खो हसले सगळे. ब्रिजिटनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मातुशही हसला, आणि आपल्या खिळ्यांचा डबा आवरायला गेला.